सातवी घागर

आठव्या दिवशी दुपारी एर्लिंदा मागच्या छपरात गेली आणि तिथून तिनं अशी हाक मारली, की स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायकांचे हात मक्याच्या पिठातच थांबले.

"वहिनी! हे कुणी केलं?"

ओदिलिया एप्रनला हात पुसत बाहेर आली. नणंदेचा हा आवाज तिला नवा नव्हता. दूर सीमेवरच्या तिहुआनाहून दोन दिवस आणि तीन रात्री बसमध्ये बसून ती आली, तेव्हा आईला पुरून चोवीस तास उलटले होते. तेव्हापासून ती कुणावर तरी ओरडायची जागा शोधत होती. काल कॉफी पातळ झाली म्हणून ओरडली, परवा मेणबत्त्या वाकड्या आहेत म्हणून. ओदिलियानं सगळं ऐकून घेतलं होतं. आई गेलेल्या मुलीशी कोण वाद घालणार?

पण छपरात आल्यावर तिला दिसलं, की आजचं ओरडणं कॉफीचं नाही.

फळीवर सहा घागरी ओळीनं ठेवल्या होत्या. ओदिलियाच्या सासूनं, दोन्या सेनाइदानं, केलेल्या शेवटच्या घागरी. अजून कच्च्या, भट्टी न पाहिलेल्या. पण घोटून घोटून त्यांच्या पोटावर अशी चकाकी आली होती, की छपराच्या फटीतलं ऊन त्यांच्यावर पडून भिंतीवर हलत होतं.

"मी केलं," ओदिलिया म्हणाली. "आणखी कोण करणार?"

"कधी?"

"रोज पहाटेची जपमाळ झाली की दोन तास. आज शेवटची झाली."

"आईची बोटं होती त्यांच्यावर." एर्लिंदाचा आवाज एकदम खाली आला. "गळ्याशी होती, बुडाशी होती. मी आले त्या दिवशी पाहिली होती. अंगठा कुठं टेकवला, कुठून वळवला, सगळं दिसत होतं. तू पुसून टाकलीस, वहिनी. सहाच्या सहा."

ओदिलियानं एका घागरीच्या पोटावरून हात फिरवला. या घरात ती एकोणिसाव्या वर्षी आली. पहिल्याच आठवड्यात सासूनं तिच्या हातात एक गारगोटी ठेवली आणि म्हणाली, "मी घडवीन, तू घोट." एकतीस वर्षं तेच चाललं. सासू चाकाऐवजी एकावर एक ठेवलेल्या दोन बशांवर माती फिरवायची, घागर उभी करायची आणि काही न बोलता फळीवर ठेवायची. ओदिलिया ती उचलायची, गालाला लावायची. गालाला गार लागली तर आत ओल आहे, अजून थांबायचं. गार लागेनाशी झाली, की ओल्या फडक्यानं वरचेवर पुसायचं आणि गारगोटी घेऊन बसायचं. परत वाळवायचं, परत गाल. त्या दोघींमध्ये कधी फार बोलणं झालं नाही. जे काही होतं ते त्या फळीवरून जायचं यायचं.

तेव्हा सासू गेल्यावर फळीवर घागरी दिसल्या, तर तिनं दुसरं काय समजायचं?

"एकतीस वर्षं तिच्या बोटांवरून माझीच गारगोटी फिरतेय," ती म्हणाली. "तेव्हा कुणी मला विचारलं नाही, बोटं कुठं गेली म्हणून."

"काय चाललंय?" क्रिसोफोरो आला. तो सेनाइदाचा थोरला मुलगा आणि ओदिलियाचा नवरा. हातात अजून कोपाल डिंकाच्या धुपाटण्याचा चिमटा होता. "अंगणात माणसं बसलीयेत. मेलेल्या माणसाच्या घरात आवाज जपून काढावा, एवढी तरी लाज ठेवा."

"त्या घोटायच्या नव्हत्या."

हे बोलणारा माणूस छपराच्या दाराशी काठी टेकून उभा होता. म्हातारा सासरा, डॉन अबुंदियो. बायकोला पुरल्यापासून आठ दिवसांत तो एक अक्षर बोलला नव्हता. जेवायला बस म्हटलं की बसायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. त्यामुळे सगळे त्याच्याकडे वळले.

"सेनाइदानं मुद्दाम तशा ठेवल्या होत्या," म्हातारा म्हणाला. "लांब आचेसाठी. मला सांगून ठेवलं होतं तिनं."

"मग बोलला का नाहीत, बाबा?" ओदिलियाच्या डोळ्यांत आता पाणी आलं. "आठ दिवस मी तुमच्या खुर्चीपासून चार हातांवर बसून घोटतेय!"

"मला दिसतं का, बाई? गारगोटी ऐकू येत होती. वाटलं, दुकानाचा माल असेल." तो थोडा थांबला. "आणि खरं सांगू? बरं वाटत होतं ऐकायला. घरात काहीतरी नेहमीसारखं चाललंय असं वाटायचं."

*

लांब आच म्हणजे काय, ते आमच्या सान बार्तोलोत आता म्हाताऱ्यांनाच ठाऊक. पूर्वी गावातल्या घागरी दिवसभर वाढत्या आचेत भाजत; त्या करड्या असत, रूपाला यथातथाच. पण त्यात मेस्कालची दारू भरून खेचरांवर लादून डोंगरापलीकडे न्या, थेंब गळायचा नाही. टिचकी मारली तर देवळाच्या घंटेसारख्या वाजायच्या. मग पत्र्याचे डबे आले, प्लास्टिक आलं, घागरी कुणी विचारेना. त्याच सुमारास गावाला चकाकीचा शोध लागला. माती घोटायची, भट्टी लवकर थांबवायची आणि तोंड चिखलानं लिंपून धूर आत कोंडायचा. बाहेर येतो तो आरशासारखा काळा माल. जगभरातून लोक यायला लागले. गाव तरलं. फक्त एक झालं. त्या आचेत माती पुरती भाजत नाही, त्यामुळे ते सुंदर काळं भांडं पाणी धरत नाही. पाझरतं. म्हणून आमच्या घराघरांत शंभर शंभर घागरी आणि प्यायचं पाणी प्लास्टिकच्या बुधल्यात.

सेनाइदाला हे शेवटी शेवटी फार लागायला लागलं होतं. "कुंभारणीचं घर आणि पाणी विकतचं!" ती म्हणायची. "पाणी धरेल अशी एक घागर करीन, मगच डोळे मिटीन. माझ्या क्रुसाची वाळू त्यात भरा आणि माझ्या उशाशी ठेवा. पावसाचं पाणी तरी धरेल." आमच्याकडे मृताला निजवलं त्या जागी वाळूचा क्रूस काढतात आणि नऊ दिवसांनी ती वाळू कबरीवर नेतात. तिचं हे ऐकून क्रिसोफोरो हसायचा. दोन वर्षांत तिनं चार वेळा प्रयत्न केला. चारही वेळा मुलानं तिची घागर आपल्या काळ्या मालाच्या भट्टीत कोपऱ्यात ठेवली. चारही गळल्या.

"सातवी माझ्याकडे आहे," एर्लिंदा म्हणाली. "मी आले त्याच दिवशी उचलून खोलीत नेली. तिच्यावर बोटं आहेत सगळी. उद्या ती भाजायची, बाबा. लांब आचेवर. परवा सकाळी वाळू त्यातूनच जाईल."

"एका घागरीसाठी भट्टी पेटत नसते," क्रिसोफोरो म्हणाला. "एवढं तरी आठवतं का तुला? तिहुआनात शिवणयंत्रावर बसून विसरलीस?"

"एकटीला आच सोसत नाही," म्हातारा म्हणाला. "भोवती सहा लागतात. मध्ये ती."

सहा म्हणजे कुठल्या, ते सांगायची गरज नव्हती. सगळ्यांनी फळीकडे पाहिलं. लांब आचेत चकाकी जळून जाते. आठ पहाटांचं घोटणं करडं होऊन बाहेर येणार. क्रिसोफोरोनं तोंड उघडलं. त्या सहा घागरी त्यानं शहरातल्या दुकानाला कबूल करून टाकल्या होत्या, आईच्या हातच्या शेवटच्या म्हणून. पण त्याच्याआधी ओदिलिया बोलली.

"घाला माझ्या."

"तुझ्या?" एर्लिंदा म्हणाली.

"घोटलेल्या आहेत ना मी? मग माझ्याच." तिनं एक एक घागर उचलून गालाला लावली आणि परत ठेवली. "या वाळल्यात. तुझी वाळलीय का? आण, बघते."

तिनं हात पुढे केला होता. दोघींमध्ये समेट व्हायचा तर त्याच क्षणी झाला असता.

"माझ्या घागरीला हात लावू नकोस," एर्लिंदा म्हणाली. "तुझा हात लागला की काय होतं ते पाहिलं मी."

ओदिलियानं हात मागे घेतला. तिच्या मनात आलं, बरं तर, तिचं ती बघेल. एवढंच आलं, आणि ती पीठ मळायला आत गेली.

*

संध्याकाळी दिवेलागणीला एर्लिंदानं खोलीचं दार लावलं आणि खाटेखालून घागर बाहेर काढली. तिच्यावर तागाचं ओलं पोतं गुंडाळलेलं होतं.

लहानपणी या घरात तिचं काम एकच होतं. शाळेतून आलं, की आईच्या घागरींवरची पोती ओली करायची. एकदा ती खेळायला गेली आणि विसरली. वाऱ्यानं चार घागरींना तडे गेले. आईनं आयुष्यात एकदाच तिला मारलं ते त्या दिवशी. "माती म्हणजे तान्हं मूल आहे," आई म्हणाली होती. "उघडं टाकून जायचं नाही." पुढचं शिकायच्या आत ती घर सोडून गेली. बावीस वर्षांत दोनदा आली. आई आजारी आहे असं दादानं फोनवर सांगितलं, तेव्हा कारखान्यात रजा मागायला तिनं चार दिवस लावले.

म्हणून आल्यापासून रोज संध्याकाळी ती पोतं ओलं करत होती. एकही संध्याकाळ चुकली नव्हती. या घरात आपल्याला जे येतं ते आपण नीट करतोय, एवढंच तिला समाधान होतं.

आता तिनं पोतं काढलं. गळ्याशी चार बोटांचे ठसे होते, खाली अंगठ्याचा. तिनं आपली बोटं त्यावर ठेवून पाहिली. अंगठा बरोबर बसला.

"उद्या, आई," ती म्हणाली आणि घागर खिडकीत वाऱ्याला ठेवली. सकाळी पाहिलं तर वरून माती पांढुरकी, कोरडी दिसत होती.

*

भट्टी म्हणजे अंगणाच्या टोकाचा जमिनीतला खड्डा. डॉन अबुंदियो त्याच्या तोंडाशी उकिडवा बसला, तेव्हा कोंबडे नुकते आरवून थांबले होते. गेली सहा वर्षं त्यानं आच पाहिली नव्हती. डोळ्यांवर दूध सांडल्यासारखं झालं तेव्हा भट्टी मुलाकडे गेली, आणि मुलानंही ती गावासारखीच चालवली, आखूड आणि चकाकीची. त्यात मुलाचा दोष नव्हता. लेकरं त्याच आचेवर मोठी झाली.

एर्लिंदानं सातवी घागर स्वतः खड्ड्यात उतरून मध्ये ठेवली. भोवती सहा लावल्या, वरून खापऱ्या रचल्या.

"बाबा, पेटवू?" क्रिसोफोरोनं विचारलं.

"कोवळी आच ठेव. चार तास नुसती ऊब. घाई केलीस तर तुझ्या आईची गाठ माझ्याशी पडेल वर गेल्यावर."

"तुमच्याशी कशाला, माझ्याशीच पडेल."

"तुझ्याशीही पडेल. तिचं कुणाशी राहिलंय?"

एर्लिंदा हसली. आठ दिवसांत पहिल्यांदाच. म्हाताऱ्याला बरं वाटलं. तिघं भट्टीपाशी बसली होती. आत बायका नवव्या दिवसाच्या जेवणासाठी मोलेचा दाट रस्सा ढवळत होत्या, आणि ओदिलियाच्या आवाजात कुणाला तरी मीठ कमी आहे असं सांगणं चाललं होतं. सेनाइदा यायची तेवढी बाकी होती.

दुसरा तास सरत आला तेव्हा त्यानं तो आवाज ऐकला.

मोठा नव्हता. जमिनीखाली कुणी मूठ आपटावी तसा, ठप्प, आणि मागोमाग खापऱ्या घसरल्याची खसखस. साठ वर्षं भट्टीपाशी काढलेल्या माणसाला त्या आवाजाची ओळख पटवून द्यावी लागत नाही. ओली माती. आणि आवाज मधून आला होता, कडेनं नाही.

"काय झालं, बाबा?" एर्लिंदानं विचारलं.

तिच्या आवाजात अजून मघाचं हसू होतं.

"लाकूड फुटलं," तो म्हणाला. "ओकमध्ये गाठ असली की फुटतं."

क्रिसोफोरोनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. म्हाताऱ्याला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण त्याचं श्वास घेणं थांबलेलं कळलं. मग त्याचा हात बापाच्या गुडघ्यावर आला आणि तिथंच राहिला. दोघांनाही कळलं होतं. संध्याकाळी क्रूस उचलायचा होता. आज या मुलीला सांगून काय मिळणार होतं?

"भट्टी विझवू का?" क्रिसोफोरोनं हळूच विचारलं.

"का म्हणून? आत सहा आहेत. चालू ठेव, मग वाढव."

दुपारपर्यंत लाकडं गेली. दोन वाजता म्हातारा म्हणाला, "आता झरोक्यातून बघ. रंग सांग."

"लाल."

"कसला लाल? मिरचीचा की डाळिंबाचा?"

"डाळिंबाचा. बाबा, इथं गावात सगळे थांबतात."

"सगळे थांबतात म्हणून तर सगळ्यांच्या गळतात. घाल."

क्रिसोफोरोनं घातली. एर्लिंदा लाकडं आणून देत होती. तिच्या हातांना फोड आले होते आणि ती ते कुणाला दाखवत नव्हती.

"आईच्या चार मी कोपऱ्यात घातल्या होत्या," क्रिसोफोरो एकदम म्हणाला. "चारही वेळा. तिला सांगायचो, मध्येच ठेवलीय म्हणून."

"तिला माहीत होतं."

"मग बोलली का नाही?"

"म्हणाली, त्याच्या भट्टीवर सात तोंडं जेवतात, माझ्या हौसेवर एकही नाही. रंग सांग."

क्रिसोफोरोनं बाहीनं तोंड पुसलं आणि वाकून झरोक्यातून पाहिलं.

"पिवळा होत चाललाय. भोपळ्याच्या फुलासारखा."

"तोच. लिंप आता. एक फट राहता कामा नये."

तिघांनी मिळून भट्टीचं तोंड चिखलानं लिंपलं. म्हाताऱ्यानं हात फिरवून फिरवून एक एक जागा तपासली, आणि सगळ्यात शेवटी, मुलं उठून गेल्यावर, तो त्या गरम चिखलावर हात ठेवून बराच वेळ बसला. आत काय आहे ते त्याला ठाऊक होतं. "माफ कर, बाई," तो म्हणाला. "सहा वाचवल्यात."

*

संध्याकाळी क्रूस उचलला. जिथं सेनाइदाला निजवलं होतं त्याच जागी जमिनीवर चुना आणि वाळूचा क्रूस नऊ दिवस काढलेला होता, कडेनं निशिगंधाची फुलं. मानकरी होता शेजारचा मेस्कालवाला पांतालेओन, सेनाइदाच्या लग्नातही तोच नाचला होता. गुडघ्यांवर बसायला त्याला दोघांनी धरावं लागलं.

"सेनाइदा, उठ बाई," तो म्हणाला. "आता तुझ्याच्यानं आम्हाला आणखी रडवणं व्हायचं नाही."

आधी डोक्याकडची वाळू गोळा झाली, मग दोन्ही हात, मग पाय. प्रत्येक वेळी बायकांनी जपमाळेचं एक गाणं म्हटलं. वाळू पांढऱ्या फडक्यात बांधली. जमीन मोकळी झाली. ओदिलियाला वाटलं होतं की आपण रडणार नाही, इतकी कामं पडली होती. पण ती मोकळी जमीन बघून तिला एप्रन डोळ्यांना लावावा लागला.

"वाळू कशात न्यायची?" पांतालेओननं विचारलं.

"घागर भट्टीत आहे," एर्लिंदा म्हणाली. "सकाळी येईल."

क्रिसोफोरोनं बापाकडे पाहिलं. बाप समोर बघत होता, कुठंच न बघता.

*

सकाळी चिखल फोडला तेव्हा आतून थोडी ऊब आणि जळक्या मातीचा वास आला. क्रिसोफोरोनं खापऱ्या बाजूला केल्या. एकेक घागर वर आली. करडी, रंगानं पावसाळी आभाळाची, कुठं कुठं काळसर धुराचे डाग. ओदिलियाच्या घोटण्याची चकाकी नावालाही उरली नव्हती. एकीच्या ओठाचा टवका उडाला होता. ओदिलियानं सहा मोजल्या आणि तिला कळलं.

एर्लिंदा खड्ड्यावर वाकली.

मध्ये ढीग होता. नुसता ढीग.

"नाही," ती म्हणाली. मग खड्ड्यात उतरली आणि गरम तुकडे हातानं बाजूला करायला लागली, जणू खाली कुठेतरी घागर अख्खी सापडणार होती. "ही फुटली कशी? बाबा, हीच का फुटली?"

"काल सकाळीच गेली, पोरी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"क्रूस उचलायचा होता."

एर्लिंदानं भावाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मग ती वळली ती ओदिलियाकडे. ओदिलियानं बुडाचा एक तुकडा उचलून उलटा केला होता. आतल्या बाजूनं माती पापुद्र्यांनी सुटली होती. असलं बूड कशानं फुटतं हे या अंगणातलं कुणीही सांगितलं असतं.

"ओल होती आत," ओदिलिया हळूच म्हणाली.

"कशी असेल? मी रोज…" एर्लिंदा थांबली. "मी रोज संध्याकाळी पोतं ओलं करत होते. तडा जाऊ नये म्हणून. आई मला तेच सांगायची."

ओदिलियानं हातातला तुकडा खाली ठेवला.

"ते घडवताना, बाळा," ओदिलिया म्हणाली. या घरात आल्यावर नणंदेला बाळा म्हणायची ही तिची पहिलीच वेळ होती. "घडवून झालं, की पोतं काढून टाकतात. मग नुसतं वाळवायचं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"नाही."

"तू गालाला लावली असतीस तर कळलं असतं."

"हो."

"मग लावली का नाहीस?"

ओदिलियानं तिच्याकडे पाहिलं. उत्तर चौघांनाही माहीत होतं, आणि तिला ते देता आलं असतं. कुणी तिला दोष दिला नसता.

"लावायला हवी होती," ती म्हणाली. "तू हात लावू नकोस म्हणालीस, आणि मला राग आला. मनात म्हटलं, तिचं ती बघेल. मी भांडून घ्यायला हवी होती. नाही घेतली. हे मला आता जन्मभर पुरेल."

एर्लिंदा खड्ड्यातच बसली आणि रडली. आल्यापासून ती ओरडली होती, भांडली होती, पण रडली नव्हती. ओदिलिया उतरली आणि तिच्याशेजारी राखेत बसली. तिनं तिला जवळ वगैरे घेतलं नाही. नुसती बसून राहिली.

वर म्हाताऱ्यानं एक घागर मांडीवर घेतली होती. त्यानं टिचकी मारली.

ती वाजली. लांबपर्यंत, अंगणाच्या भिंतीपर्यंत जाऊन परत येईल एवढी. स्वयंपाकघराच्या दारात पांतालेओन कप हातात घेऊन उभा होता, त्यानं टोपी काढली.

"असाच आवाज होता," म्हातारा म्हणाला. "तिच्या आईच्या घरी अशाच वाजायच्या." त्यानं दुसरी घेतली. तीही वाजली. मग तिसरी.

क्रिसोफोरोनं बुधल्यातलं पाणी एका घागरीत ओतलं आणि ती कोरड्या दगडावर ठेवली. सगळे बघत उभे राहिले. ऊन वर आलं. त्यानं घागर उचलली. दगड कोरडाच होता. त्यानं दगडावर हात फिरवला आणि मग तोच हात तोंडावर ठेवून तो गोठ्याकडे निघून गेला.

"कुठली न्यायची?" पांतालेओननं थोड्या वेळानं विचारलं. "उन्हाच्या आत पोचायला हवं."

"वहिनी सांगेल," एर्लिंदा म्हणाली.

ओदिलियानं टवका उडालेली निवडली. "ही तिच्या अगदी शेजारी होती," ती म्हणाली. वाळू तिच्यात ओतली, वर निशिगंधाची वाळलेली फुलं घातली, आणि घागर एर्लिंदाच्या हातात दिली.

एर्लिंदानं ती लगेच घेतली नाही. तिच्या मुठीत एक तुकडा होता, गळ्याकडचा. त्यावर अंगठ्याचा ठसा पुरता उमटलेला होता, करडा, भाजून पक्का झालेला. तिनं तो उचलून, तिची वहिनी एकतीस वर्षं लावायची तसा गालाला लावला, आणि डोळे मिटून थांबली.

गार लागला नाही. आता तो अगदी कोरडा होता.